दोघांत एक लायसन

माझ्या वडिलांनी जावई पसंत केला तो त्याचं परमिट उजेडात धरून. वडील कोर्टात पेशकार होते, जज्जापुढे कागद मांडायचे. आमच्या काचीगुड्याच्या घरात कागदाला देवाच्या खालोखाल मान होता. रेशनकार्डावरसुद्धा कुणी वाटी ठेवली की वडील ओरडायचे. मुलगा नांदेडकडच्या शेतकरी घरातला, आयटीआय झालेला, इथे एका कारखान्यात विजेच्या कामावर. आईला तारा ओढणारा जावई नको होता. वडिलांनी मात्र त्याला पाणी दिल्यावर पहिलाच प्रश्न केला, "लायसन आहे का?"

त्याने शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढून दिला. वडिलांनी तो खिडकीकडे धरला, शिक्का वाचला, नंबर वाचला, आणि मग स्वतःच सगळ्यांना समजावून सांगायला लागले, जणू मुलगा त्यांचाच होता. लोक सरसकट लायसन म्हणतात, पण त्यात पायऱ्या असतात. वायरमनचं परमिट म्हणजे स्वतःच्या हाताने काम करायची परवानगी. त्याच्या वर सुपरवायझरचं सर्टिफिकेट, म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम तपासून त्याखाली सही करायची परवानगी. कंत्राटदाराचं लायसन आणखी वेगळं, पण त्यालाही पदरी सर्टिफिकेटवाला सुपरवायझर ठेवावाच लागतो. त्याची सही झाल्याशिवाय नव्या घराला करंट मिळत नाही. मुलाकडे तेव्हा पहिली पायरी होती. दुसरीच्या परीक्षेला बसणार, असं तो म्हणाला.

"बसाच," वडील म्हणाले. "पण ध्यानात ठेवा, सही म्हणजे साक्ष. उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे, मी तिथं होतो, मी डोळ्यांनी बघितलं."

मी पोह्यांच्या बशा घेऊन दाराआड उभी होते. तिथून मला त्या मुलाचे कान तेवढे दिसत होते. चांगले मोठे होते. एवढ्या मोठ्या कानांचा माणूस निदान ऐकून तरी घेईल, असं मनाशी म्हणून मी आत गेले.

दुसऱ्या परीक्षेचा अभ्यास त्यांनी लग्नानंतर नल्लकुंट्याच्या भाड्याच्या खोलीत केला. मी पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारायची आणि ते स्टोव्हशेजारी बसून उत्तरं द्यायचे. तोंडी परीक्षेत साहेब कुठूनही विचारतात म्हणून मीही कुठूनही विचारायची. गीझरला अर्थ का द्यायचा? कारण आतलं काही बिघडून करंट बाहेरच्या पत्र्याला लागला तर त्याला जमिनीत जायला वाट पाहिजे. नाहीतर तो नळाला हात लावणाऱ्या माणसातून वाट काढतो. अर्थची तार कुठल्या रंगाची? हिरव्या. मी बी.ए. झाले ते इतिहास घेऊन, आणि त्यातलं मला आता काही आठवत नाही. पण हे उत्तर झोपेत विचारलं तरी येतं. म्हणून पुढे जे झालं ते अज्ञानाने झालं, असं मला म्हणता येत नाही.

परीक्षा पास झाली, सर्टिफिकेट आलं. कारखान्यातून रिटायर झाल्यावर अंबरपेठच्या एका कंत्राटदाराने ते हेरलं. माणूस तेलुगू, गोडबोल्या, हातात कायम दोन फोन. आमच्या शहरात अशी रीतच आहे: एखाद्या रिटायर माणसाचं सर्टिफिकेट आपल्या कामावर दाखवायचं, रिपोर्ट त्याच्या घरी पाठवायचे, त्याने टीव्हीसमोर बसून सह्या करायच्या. घर कुठल्या गल्लीत आहे हेही त्याला ठाऊक नसतं. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मी येऊन बघणार, मगच सही. कंत्राटदार हसला. "जैसा आपका मर्जी सार," म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं की हा बाबा खरंच येतो, बोर्ड उघडतो, स्क्रू आवळून बघतो, आणि पोरांनी केलेलं अर्धं काम परत करायला लावतो. तरी त्याने ह्यांना सोडलं नाही. ह्यांच्या सहीच्या घरातून तक्रार येत नसे.

मग डोळे गेले. गेले म्हणजे एकदम नाही. शुगर जुनीच होती. आधी पेपर दूर गेला, मग जवळ आला, मग मी पेपर वाचून दाखवायला लागले. एका सकाळी दारातल्या रांगोळीकडे बघून म्हणाले, "आज पांढरीच काढलीस?" मी त्यात हिरवा आणि निळा भरला होता. आकार दिसायचा, माणूस दिसायचा, जिना दिसायचा. रंग मात्र एकमेकांत मिसळून मातकट व्हायचे. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही.

"आता सह्या बंद करा," मी म्हणाले.

"काहून? काम मला येतंय की. दिसंना झालंय, एवढंच."

मी हसले. तेव्हा मला ते वाक्य विनोदी वाटलं होतं.

खरं तर तेव्हाच हे कंत्राटदाराच्या कानावर घालायला हवं होतं. रंग न दिसणाऱ्या माणसाने तारांच्या कामावर सही करायची नसते, हे समजायला परीक्षा कशाला लागते? पण मी त्यांच्याकडे बघत होते. कारखाना सुटल्यापासून ह्या माणसाला आठवड्यातून एखाद्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालायला कारण होतं ते एवढंच. खिशाला टेस्टर लावून ते गल्लीतून निघाले की समोरचा पानवाला "सलाम सुपरवायझर साब" म्हणायचा आणि ह्यांची चाल बदलायची. ती चाल मला मोडवेना. म्हणून मीच म्हणाले, "मी येते बरोबर. तुम्ही तपासा, मी रंग सांगते."

पोरांसमोर रंग विचारायचे कसे? आमची मराठी इथे कुणाला कळत नाही असं आपल्याला वाटतं, पण काळा आणि काला, हिरवा आणि हरा, यात झाकायला काय आहे? मग मी भाज्या लावल्या. लाल म्हणजे टमाटे, पिवळी म्हणजे हळद, निळी म्हणजे वांगं, काळी म्हणजे मोहरी. आणि हिरवी, अर्थची, म्हणजे कोथिंबीर. हे बोर्डावर हात ठेवून म्हणायचे, "अगं, डाव्या हाताला काय घ्यायचंय?" मी डोकावून म्हणायची, "मोहरी." "कोथिंबीर वर आहे ना?" "आहे, चांगली जुडी आहे." पोरं एकमेकांकडे बघून हसायची. म्हातारा-म्हातारी घर तपासायला आलेत की बाजाराला, असंच त्यांना वाटत असणार. मीटरचा आकडाही मीच वाचायची, पण तो पदराआड, कानाशी.

खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची. आयुष्यभर ह्यांचा डबा भरला, आता मी ह्यांच्या कामात होते. उंचावरचा पॉइंट असला की मी स्टूल ओढायची, पदर खोचायची आणि वर चढायची. हे खाली स्टूल धरून उभे. वर चढून मी नुसती बघायची नाही, तार ओढूनही बघायची, ह्यांनीच शिकवलं होतं तसं. रंग दिसला म्हणजे तार लागलेली असतेच असं नाही, ओढून बघ. मी ओढायची आणि म्हणायची, "पक्की आहे." ते कधी दुसऱ्यांदा विचारत नसत. बायकोच्या शब्दावर एवढा भरवसा ठेवणारा नवरा माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि मला त्याची गुर्मी चढली होती.

कायद्याच्या दृष्टीने तिथे एक माणूस उभा होता. आम्ही दोघं मिळून तो एक माणूस झालो होतो. एकाला कळत होतं, एकीला दिसत होतं. वडील असते तर त्यांनी आम्हा दोघांना कोर्टाच्या पायरीवर बसवलं असतं.

त्या दिवशी माझ्या भाचीचा साखरपुडा होता, काचीगुड्यातच. मी माझी लग्नातली पैठणी काढली होती. ती नेसायला मला किती खटाटोप करावा लागला होता ते मलाच ठाऊक. गजरा माळून आम्ही ऑटोत बसलो आणि ह्यांचा फोन वाजला. कंत्राटदार. अंबरपेठला एका रिटायर बस कंडक्टरने वरचा मजला चढवला होता, मुला-सुनेसाठी. दुसऱ्या दिवशी गृहप्रवेश. "सार, आज साइन होना जी. करंट नक्को क्या उनको? खाली पाच मिनट." ह्यांनी माझ्याकडे तोंड केलं. मी ऑटोवाल्याला अंबरपेठ सांगितलं, पण असं सांगितलं की ऑटोवालाही वळून बघायला लागला.

घरात सगळीकडे सिमेंटची पूड. खाली मंडपाचे बांबू येऊन पडलेले, वर पोरं फरशी घासत होती. मी पैठणीचा काठ मुठीत धरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होते आणि माझा पारा चढत होता. खोल्यांतले बोर्ड झाले, स्वयंपाकघर झालं. टमाटे, मोहरी, कोथिंबीर, सगळं जागच्या जागी. शेवटी राहिलं बाथरूम. गीझरचा पॉइंट अगदी वर, झरोक्याशेजारी. झाकण अजून लावलेलं नव्हतं. बाथरूम एवढं अरुंद की आत एकच माणूस उभा राहील, म्हणून हे दाराबाहेर थांबले. स्टूल कोपऱ्यात होतं, लोखंडी, सगळ्या पायांना आणि वरच्या पत्र्याला ओलं सिमेंट लागलेलं.

"कोथिंबीर वर आहे ना?" बाहेरून आवाज आला.

मी मान वर केली. डब्यातून हिरवं काहीतरी बाहेर आलेलं दिसत होतं. ते स्क्रूखाली आहे की नुसतं लोंबतंय, ते खालून दिसत नव्हतं. मी स्टुलाकडे बघितलं. मग माझ्या काठाकडे बघितलं. साखरपुड्यात नणंदा असणार होत्या.

"आहे," मी म्हणाले. "पक्की आहे."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ह्यांनी दाराच्या चौकटीवरचा हात काढून घेतला. मग "बरं" म्हणाले, आणि बाहेर जाऊन कंत्राटदाराने पुढे केलेल्या रिपोर्टावर त्यांनी सही केली. मी नेहमीसारखं सहीच्या जागेवर बोट ठेवलं. साखरपुड्याला आम्ही वेळेत पोहोचलो. पैठणीचं सगळ्यांनी कौतुक केलं.

पाऊस सरत आला होता तेव्हा कंत्राटदार घरी आला. एरवी फोन करायचा; या वेळी चप्पल काढून आत बसला आणि दोन्ही फोन उलटे ठेवले. अंबरपेठच्या त्या सुनेला गीझरच्या नळाचा शॉक बसला होता. हात झटकला गेला, ओल्या फरशीवर पाय घसरला, आणि ती पडली ती उजव्या मनगटावर. हाड मोडलं. जीव वाचला ही देवाची कृपा, असं तो तेलुगूत पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याने जाऊन डबा उघडला होता. हिरवी तार स्क्रूपर्यंत आलीच नव्हती. तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून पोरांनी ती तशीच सोडली होती, नंतर जोडू म्हणून. झाकण मात्र लावून टाकलं होतं.

"रिपोर्ट पे आपका साइन है सार," तो म्हणाला. "मगर टेन्शन नक्को. वो लोगां भले लोगां हैं, कंप्लेंट नक्को बोल रहे."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बोलायची वेळ ती होती. मी बोलले नाही.

हे हात मांडीवर ठेवून सरळ बसले. मग म्हणाले, "गलती मेरी है. आँखां खराब हो गए मेरे. तुमको बोला नहीं मैं." आणि वर्षभर लपवलेलं सगळं त्यांनी त्या माणसाला सांगून टाकलं: रंग दिसत नाहीत, मुदत संपली की सर्टिफिकेट पुन्हा करून घेणार नाही, आजपासून सही बंद. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. भाज्यांचंही नाही. कंत्राटदार माझ्याकडे बघून म्हणाला, "अम्मा, सार को संभालो."

त्या दिवसापासून ते गप्प झाले. टेस्टर खिशातून काढून त्यांनी कपाटात ठेवला. पानवाल्याने सलाम केला तर नुसती मान हलवायचे. घरातला बल्ब गेला तर मला म्हणाले, "कुणाला तरी बोलाव." बल्ब बदलायला! ज्या माणसाने अख्ख्या कारखान्याचा करंट सांभाळला, त्याला वाटायला लागलं की आपण ज्याला हात लावू ते बिघडेल. आणि हे त्याला वाटत होतं माझ्यामुळे. माझ्या एका "पक्की आहे"मुळे. एवढं मला दिसत असूनही मी त्यांच्या ताटात भाकरी वाढायची आणि विचारायची, "भाजीत मीठ बरोबर आहे ना?"

मी स्वतःसाठी वकील शोधत होते. एक सापडलाही. त्या घरात मेन बोर्डावर सेफ्टीचा ब्रेकर बसवला होता, असा शॉक बसायला लागला की तो आपोआप पडून करंट तोडतो. तो सारखा पडतोय म्हणून घरच्या मुलाने कुणाकडून तरी तो काढून सरळ जोड देऊन घेतला होता. हे कंत्राटदाराकडून कळल्यावर मला हुश्श झालं. बघा, ब्रेकर असता तर पोरीला काही झालं नसतं! पुढचे काही दिवस मी त्या ब्रेकरला धरून बसले. भांडी घासताना, देवाला फूल वाहताना, ब्रेकर, ब्रेकर. पण वडिलांचा आवाज काही जाईना. ब्रेकर कुणी काढला हे तुला कुणी विचारलेलं नाही, तू काय बघितलंस ते सांग. मी तर साक्षीदाराची साक्षीदार होते. त्याने डोळे माझ्याकडे ठेवायला दिले होते.

शेवटी राहवेना म्हणून एका दुपारी केळी घेऊन एकटीच अंबरपेठला गेले. ह्यांना सांगितलं, बँकेत जातेय. ती सून वरच्या मजल्यावर खिडकीशी बसली होती, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. तिच्यासमोर लाकडी चौकटीवर ताणलेलं ब्लाउजचं कापड होतं, त्यावर अर्धा मोर भरलेला. इथे त्याला मग्गम वर्क म्हणतात: चौकटीला कापड ताणून जरी-मण्यांचं भरतकाम करायचं. लग्नसराईच्या ऑर्डरी घेतल्या होत्या तिने. मोराला मान होती, पिसारा नव्हता.

"आंटी, इत्ती धूप में कायको आए?" म्हणत ती उठली आणि डाव्या हाताने चहा ठेवायला लागली. मी धावत जाऊन पातेलं तिच्या हातातून घेतलं. ती हसत होती. डॉक्टर म्हणालेत हाड जुळेल, पण बोटं आधीसारखी चालायला वेळ लागेल, सुई धरता येईल की नाही ते प्लॅस्टर काढल्यावर बघू, असं तिने मला सहज सांगितलं, बसला उशीर होईल असं सांगावं तसं. मग म्हणाली, "सार को बोलो आंटी, टेन्शन नक्को लेव. उनके आँखां का क्या कसूर?"

चहा गोड होता. मी तो संपवला. सांगायचं म्हणून गेले होते आणि सांगितलं काय, तर प्लॅस्टरवर पाणी पडू देऊ नकोस. जिन्याकडे जाताना बाथरूमच्या दाराशी ते लोखंडी स्टूल दिसलं. आता धुऊन स्वच्छ केलेलं होतं, वर साबणाचा डबा ठेवला होता. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगीच नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ह्यांच्या गावी नांगर, विळा मांडायचे. इथे पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, तो जुना हँडलचा मीटर, आणि ह्या सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकवून सुपरवायझरचं सर्टिफिकेट. त्याला मी दरवर्षी कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट लावायची. कागद खराब होतो म्हणून ते दरवर्षी ओरडायचे आणि मी दरवर्षी लावायची. या वर्षी सकाळी गल्लीत आदल्या संध्याकाळच्या बतुकम्माची, म्हणजे इथल्या बायकांच्या फुलांच्या सणाची, पिवळी फुलं अजून पडलेली होती. मी पाट मांडला, हत्यारं पुसली, झेंडूची माळ घातली आणि कपाटातून सर्टिफिकेट काढलं.

"ते नको," हे खाटेवरून म्हणाले. त्यांना कागद दिसला नसणार; प्लॅस्टिकची पिशवी वाजली.

"काहून नको?"

"ते आता हत्यार राहिलं नाही. राहू दे कपाटात."

माझ्या हातात हळदीकुंकवाची कुयरी होती. ती मी खाली ठेवली. मग तिथेच, पाटासमोर फतकल मारून मी सगळं सांगून टाकलं. म्हणाले, तुमच्या डोळ्यांनी काही केलेलं नाही. मी चढलेच नव्हते. पैठणी खराब होईल म्हणून. खालून हिरवं दिसलं आणि मी पक्की आहे म्हणाले. ओढून बघितली नाही. त्या पोरीचा हात मी मोडला, तुम्ही नाही. एवढे दिवस तुम्ही स्वतःला खाताय आणि मी गप्प राहून बघतेय. मला मारा, बोला, काय करायचं ते करा, पण तो बल्ब तुमच्या हाताने बदला.

बोलता बोलता मी रडत होते. मला वाटत होतं, आता ते चिडतील. चिडावेत अशी माझी इच्छा होती. निम्मं आयुष्य ह्या माणसाच्या चिडण्याला मी उलट उत्तरं दिली. आज एक शब्द उलट बोलणार नव्हते.

ते चिडले नाहीत. उठून, भिंतीचा अंदाज घेत माझ्याशेजारी येऊन खाली बसले.

"मला ठाऊक होतं," म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"तू चढली नव्हतीस ते. स्टूल वाजलंच नाही. नव्या फरशीवर लोखंडी स्टूल ओढलं की केवढं ओरडतं. मी दारात उभा होतो. कान लावून उभा होतो. काही वाजलं नाही आणि तू म्हणालीस, पक्की आहे."

मी त्यांच्याकडे तोंड वळवलं. ते मात्र समोर हत्यारांकडे तोंड करून बसले होते.

"मग सही काहून केलीत?"

त्यांनी पाटावरची पक्कड उचलली, उघडली, मिटली.

"परत विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, एवढा संशय आहे तर स्वतः चढा. आधीच तापली होतीस. आणि मी चढलो असतो तर तिथं वर मला काहीच दिसलं नसतं. खाली ती पोरं, कंत्राटदार, सगळे बघायलेत. सगळ्यांना कळलं असतं." पक्कड त्यांनी जागेवर ठेवली, पण तिरकी पडली. "तुला पैठणी सांभाळायची होती. मला हे."

हे म्हणताना त्यांनी माझ्या मांडीवरच्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर बोट ठेवलं.

इतके दिवस माझं ओझं माझ्या एकटीचं आहे असं धरून मी जगत होते. आता निम्मं कुणीतरी उचललं तर हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. उलट त्या पोरीसाठी मला आधीपेक्षा जास्त वाईट वाटलं. एकाच्या हातून तरी हे चुकून झालं असतं तर निदान एकाने तरी तिचा विचार केला होता, असं म्हणता आलं असतं. आम्ही दोघांनीही जाणूनबुजून केलं होतं.

मी पक्कड सरळ केली. सर्टिफिकेट उचलून परत कपाटात ठेवलं, साड्यांच्या खाली. कुंकू फक्त हत्यारांना लावलं. दिवा लावला, आरती म्हटली नाही.

"उद्या अंबरपेठला जाऊ," हे म्हणाले. "दसऱ्याला माणसं भेटतात एकमेकांना."

"जाऊन सांगायचं काय तिला?"

"जे झालं ते. दोघं आलो होतो, आणि बघितलं कुणीच नाही."